पॉइंट फोर्टी फाइव्ह आणि आपला अभिमान

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतो आहे. आधी उर्दूत आला, मग हिंदीत, आणि आता कुणीतरी तो मराठीतही आणला आहे. फिलिपाइन्समधले मोरो मुसलमान म्हणे इतके शूर होते की अमेरिकी सैनिकांच्या गोळ्या छातीवर झेलत ते तलवार घेऊन पुढे यायचे. शेवटी अमेरिकेला खास त्यांच्यासाठी मोठ्या गोळीचं नवं पिस्तूल बनवावं लागलं, ते म्हणजे जगप्रसिद्ध पॉइंट फोर्टी फाइव्ह. खाली माशाअल्लाह आणि सिंहाची दोन चित्रं.

हाच किस्सा अमेरिकेतले बंदुकांचे शौकीन शंभर वर्षांपासून एकमेकांना सांगत आले आहेत. फरक एवढाच की आपण जिथे ‘शूर’ म्हणतो तिथे ते ‘माथेफिरू’ म्हणतात. बाकी गोष्ट तीच. जी गोष्ट मारणाऱ्याने स्वतःच्या हत्याराची जाहिरात म्हणून सांगितली, ती मेलेल्यांच्या धर्मबांधवांनी अभिमानाने पुढे ढकलावी, हे मला विचित्र वाटतं. म्हणून हा लेख.

मी भाषेचा मास्तर आहे, बंदुकीचा जाणकार नव्हे. पण नववीतली मुलं मधल्या सुट्टीत ज्या तळमळीने ‘पी नाइन्टी टू’ आणि ‘पी नाइन्टीन इलेव्हन’ यांची तुलना करतात, ती ऐकून या विषयात डोकं घालावंच लागलं. मोबाइलवरच्या त्या खेळात पहिल्या पिस्तुलात नऊ मिलिमीटरची गोळी असते, दुसऱ्यात पॉइंट फोर्टी फाइव्ह. दुसरी जास्त जखम करते, पहिलीत गोळ्या जास्त मावतात. मुलांचं म्हणणं चुकीचं नाही. खऱ्या जगातला वादही साधारण तेवढाच आहे, फक्त तिथे मोठी माणसं तो घालतात.

कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी. आपल्याकडे त्याला बोअर म्हणायची सवय आहे. पॉइंट फोर्टी फाइव्ह म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले पंचेचाळीस, म्हणजे जवळपास साडेअकरा मिलिमीटर. या गोळीचं वजन सुमारे १५ ग्रॅम आणि वेग सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास. नऊ मिलिमीटरची गोळी वजनाने निम्मी, साडेसात-आठ ग्रॅमची, पण वेग साडेतीनशे मीटरच्या घरात. दोन्हींच्या मधे पॉइंट फोर्टी आहे, दहा मिलिमीटरची. एक जड आणि संथ, एक हलकी आणि चपळ, आणि एक मधली. मोठ्या गोळीचा हाताला धक्का जास्त बसतो आणि मॅगझिनमध्ये ती कमी मावते. जुन्या कोल्ट १९११ पिस्तुलात सात गोळ्या बसत. आजच्या नऊ मिलिमीटरच्या ग्लॉक १७ मध्ये सतरा बसतात. तांत्रिक भाग इथे संपला. यावर लोकांनी किती शाई आणि किती रात्री घालवल्या आहेत ते पाहिलं तर आपल्याकडचे चंद्रदर्शनाचे वाद बरे वाटू लागतात.

आता मोरोंकडे येऊ. ‘मोरो’ हे नावसुद्धा त्यांनी स्वतः घेतलेलं नाही. स्पेनच्या लोकांनी आपल्या देशातल्या ‘मूर’ मुसलमानांवरून ते फिलिपाइन्सच्या दक्षिणेकडच्या, मिंदानाव आणि सुलू बेटांवरच्या मुसलमानांना चिकटवलं. १८९८ च्या युद्धात स्पेन हरला आणि अमेरिकेने २ कोटी डॉलर मोजून फिलिपाइन्स ताब्यात घेतला. सुलूच्या सुलतानाशी १८९९ मध्ये करार केला, आम्ही तुमच्या धर्मात आणि रिवाजात ढवळाढवळ करणार नाही म्हणून. उत्तरेकडचं बंड मोडेपर्यंत तो पाळला आणि १९०४ मध्ये एकतर्फी रद्द केला. मग कर आले, नवे कायदे आले आणि लढाई आली. या भांडणात एक मुद्दा गुलामगिरीचाही होता. मोरो सरदारांकडे, म्हणजे दातूंकडे, गुलाम असत. सिंहाच्या चित्रावाल्या मजकुरात हे सापडत नाही.

त्या काळात एकट्याने शपथ घेऊन, अंग आवळून बांधून, हातात बारोंग नावाचं रुंद पात्याचं हत्यार घेऊन शत्रूवर धावून जाणारे काही लोक होते. स्पॅनिश लोक त्यांना ‘हुरामेंतादो’, शपथ घेतलेले, म्हणत. सुलूच्या लोकांचा शब्द ‘परांग सबील’. उर्दू शिकवणाऱ्याला या शब्दापाशी थांबावंच लागतं. सबील म्हणजे रस्ता, अल्लाहचा रस्ता. आपल्या मोहल्ल्यात सबील म्हटलं की मोहरममध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला सरबत पाजायची जागा आठवते, धर्म न विचारता पाजायची. तोच शब्द तिकडे जाऊन मरण्या-मारण्याचा झाला. आणि मारले जाणारे दर वेळी सैनिकच नसत, बाजारात सापडलेला साधा ख्रिस्ती माणूसही असे. हे मी अमेरिकेची बाजू घ्यायला लिहीत नाही. शौर्य म्हणून काय पुढे पाठवतो आहोत ते आधी वाचावं, इतकंच.

अमेरिकी सैनिकांकडे तेव्हा पॉइंट थर्टी एटचं रिव्हॉल्व्हर होतं आणि त्याची गोळी फारच मंद होती. दोन-तीन लागूनही माणूस थांबत नाही अशा तक्रारी खरोखर झाल्या. मग १९०४ मध्ये जॉन थॉम्पसन आणि लष्करी डॉक्टर मेजर लुई लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात चाचण्या केल्या. जिवंत गुरांवर गोळ्या झाडल्या आणि माणसांच्या मृतदेहांवरही झाडल्या. निष्कर्ष काढला की लष्कराची गोळी पॉइंट फोर्टी फाइव्हपेक्षा कमी नको. त्याच अहवालात आणखी एक शिफारस होती, जी किश्शात कधी येत नाही: सैनिकांकडून नेमबाजीचा सराव सतत करून घ्या, कारण मर्मावर न लागलेली गोळी कितीही जाड असली तरी भरवशाची नसते.

कोल्टचं ते नामांकित पिस्तूल लष्कराने स्वीकारलं मार्च १९११ मध्ये. मोरोंची लढाई १९१३ मध्ये संपली. म्हणजे ज्यांच्यासाठी ते ‘शोधलं’ म्हणतात त्यांच्या वाट्याला ते आलं जेमतेम दोन वर्षं. मधल्या काळात गोदामातली जुनी पॉइंट फोर्टी फाइव्हची रिव्हॉल्व्हरं काढून वाटली गेली होती. गंमत अशी की लागार्ड यांनी पुढे आपल्या पुस्तकात पॉइंट थर्टी एटच्या अपयशाचं जे ठळक उदाहरण दिलं, ते सामार बेटावरच्या एका पळणाऱ्या कैद्याचं आहे. सामार ख्रिस्ती वस्तीचं बेट. दुखावलेला, घाबरलेला आणि चिडलेला कोणताही माणूस काही क्षण पडत नाही, त्याला कलमा यावा लागत नाही.

आणि मोरो मेले ते पिस्तुलाने नव्हेच. मार्च १९०६ मध्ये सुलूतल्या बुद दाहो या मृत ज्वालामुखीच्या खळग्यात शेकडो मोरो कुटुंबं जाऊन बसली होती. जनरल लिओनार्ड वूड यांच्या सैन्याने डोंगरी तोफा, रायफली आणि मशीनगन घेऊन ते तोंड घेरलं. किमान सहाशे माणसं मेली, काही अंदाज हजाराच्या जवळ जातात. बायका होत्या, मुलं होती. अमेरिकेचे साधारण वीस. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी अभिनंदनाची तार पाठवली. मार्क ट्वेन यांनी यावर जळजळीत लिहिलं, पण जिवंतपणी छापलं नाही. प्रेतांनी भरलेल्या चराच्या काठावर उभ्या सैनिकांचं एक छायाचित्र निघालं. ते पाहून विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांनी ते मोठं करून आपल्या वर्गाच्या भिंतीवर लावायची इच्छा पत्रात लिहिली, युद्ध म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना कळावं म्हणून. ते तेव्हा अटलांटात शिकवत होते. आपल्या मजकुराला जोडायला सिंहापेक्षा ते छायाचित्र योग्य ठरेल. त्यात कुणी छातीवर गोळ्या झेलत पुढे येताना दिसत नाही.

ही गोष्ट फक्त अमेरिकेची असती तर मी इतकं लांबवलं नसतं. तिची थोरली बहीण आपल्याच देशात जन्मली. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार होती की पॉइंट थ्री नॉट थ्रीची नवी, बारीक, कडक आवरणाची गोळी पठाणाच्या अंगातून आरपार जाते आणि तो धावतच राहतो. मग कलकत्त्याजवळच्या डमडमच्या दारूगोळा कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांच्या देखरेखीखाली गोळीच्या टोकाचं आवरण काढून शिसं उघडं ठेवलं गेलं. अशी गोळी शरीरात गेल्यावर फुलासारखी उमलते आणि आतलं सगळं फाडते. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ती सरहद्दीवर वापरली. आज आपण कोलकात्याच्या विमानतळावर उतरतो तेच हे डमडम.

१८९९ मध्ये हेगच्या परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी घालायचा ठराव आला तेव्हा ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी विरोध केला. त्यांच्या युक्तिवादाचा सार असा: सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की समजतो आपण जखमी झालो, आणि रुग्णवाहिकेकडे वळतो, रानटी माणसाला ते कळत नाही, तो येतच राहतो. पाहा, चित्रळचा पठाण आणि सुलूचा मोरो, एकाच खंडाच्या दोन टोकांना, एकाच वाक्यात बसवले गेले. ‘हे लोक साध्या गोळीने मरत नाहीत’ असं एकदा ठरलं की पुढची गोळी किती क्रूर असावी याला मर्यादा राहत नाही. ठराव तरीही मंजूर झाला, ब्रिटनने तो १९०७ मध्ये मान्य केला. पण बंदी युद्धापुरती. टोकाला खळगा असलेल्या, फुलणाऱ्या गोळ्या आज अमेरिकेतले पोलीस आणि नागरिक सर्रास वापरतात. कारण दिलं जातं की ती आरपार जाऊन मागच्या माणसाला लागत नाही. कारण खोटं नाही. पण शत्रूसैनिकावर जी गोळी झाडता येत नाही ती आपल्याच शहरातल्या नागरिकावर झाडता येते, यातला विरोधाभास मला अजून कुणी नीट समजावलेला नाही.

विसाव्या शतकाच्या शेवटी हा वाद पुन्हा पेटला. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या आठ जणांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन अधिकारी मेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच नऊ मिलिमीटरची गोळी लागली होती, ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो त्यानंतरही लढत राहिला. खापर गोळीवर फुटलं. त्याच्या हातात रायफल होती आणि एफबीआयच्या बहुतेकांकडे रिव्हॉल्व्हर, हे मागे पडलं. एफबीआय आधी दहा मिलिमीटरकडे गेली. तिचा धक्का फार म्हणून १९९० मध्ये तिची धाकटी आवृत्ती, पॉइंट फोर्टी, बाजारात आली आणि अमेरिकेतल्या निम्म्याअधिक पोलीस खात्यांनी होल्स्टरपासून काडतुसांपर्यंत सगळं बदललं असावं असं वाटण्याइतकी ती पसरली. कंपन्यांचं भलं झालं. मग २०१४ मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागाने लिहिलं की आधुनिक गोळ्या वापरल्या तर या तिन्हींच्या जखमांत डॉक्टरलाही फारसा फरक सांगता येत नाही, आणि नऊ मिलिमीटरने बहुतेकांचा नेम जास्त चांगला लागतो. पुन्हा नऊ मिलिमीटर. त्याच लिखाणात हेही होतं की प्रत्यक्ष चकमकीत प्रशिक्षित पोलिसांच्याही दहापैकी सात-आठ गोळ्या चुकतात.

तेव्हा माझ्या नववीच्या मुलांना उत्तर द्यायचंच तर ते असं: नऊ मिलिमीटर जिंकली, आणि १९०४ च्या अहवालातली नेमबाजीची शिफारस त्याहून आधी जिंकली होती. पण खेळात एक गोष्ट नसते. चुकलेल्या सात-आठ गोळ्या कुठे जातात ते तिथे दाखवत नाहीत.

भारतात नागरिकाला हा प्रश्न पडतच नाही, कारण सरकारने तो सोडवून ठेवला आहे. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांनुसार लष्कराचं किंवा पोलिसांचं काडतूस ज्या हत्यारात चालतं ते नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर. म्हणून सेवेतली नऊ मिलिमीटर आपल्याला नाही. परवानाधारकाच्या कमरेला दिसतं ते बहुतेक पॉइंट थर्टी टू, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर याच कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर बायकांसाठी म्हणून काढलं. बोअर तेच, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. बसने कामाला जाणाऱ्या मुलीच्या सुरक्षेवर सरकारी कारखान्याला सुचलेला उपाय तिच्या वर्षभराच्या पगाराएवढा होता.

अमेरिकी शौकीन पॉइंट थर्टी टूला हसतात. पिस्तुलातल्या पॉइंट थर्टी टूचं मेट्रिक नाव ७.६५ मिलिमीटर, जॉन ब्राउनिंगचं १८९९ चं काडतूस. त्यांच्या लेखी ते खिशातलं खेळणं. आणि महाराष्ट्रात, कर्नाटकात? २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे, आणि सोबत चालत असलेल्या उमाताई, ज्या वाचल्या. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये प्रा. कलबुर्गी. ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळुरूत गौरी लंकेश. या हत्यांच्या तपासात ७.६५ मिलिमीटरच्या गावठी पिस्तुलांचाच उल्लेख येतो. सकाळी फिरायला निघालेल्या माणसाला मारायला ‘थांबवण्याची ताकद’ लागत नाही. तो तुमच्यावर धावून येतच नसतो. पानसरे यांचं ‘शिवाजी कोण होता?’ आमच्या मोहल्ल्यात घरोघरी आहे. ज्यांनी मराठी पुस्तक विकत घ्यायची सवय कधी लावून घेतली नाही त्यांच्याही घरी.

आणखी मागे जा. ३० जानेवारी १९४८. बिर्ला हाउसमध्ये वापरलेलं पिस्तूल इटालियन बेरेटा होतं, १९३४ चं मॉडेल, ग्वाल्हेरहून मिळवलेलं. त्याची गोळी ‘नऊ मिलिमीटर शॉर्ट’, म्हणजे इंग्रजी मापात पॉइंट थ्री एट्टी. १९१४ मध्ये सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेल्या पिस्तुलाचं काडतूसही हेच. एका गोळीबारातून पहिलं महायुद्ध निघालं, दुसऱ्याने आपला बाप नेला, आणि शौकिनांच्या याद्यांमध्ये आजही चर्चा चालते की पॉइंट थ्री एट्टी ‘पुरेशी’ आहे का! त्या संध्याकाळी देशात गोळीचं माप कुणी विचारलं नाही. विचारलं ते झाडणाऱ्याचं नाव. मारेकरी हिंदू आहे हे आकाशवाणीने लगेच सांगितलं म्हणून आपले मोहल्ले वाचले. मग त्याची जात विचारली गेली आणि महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळली. ज्यांची जळली त्यांनी चाप ओढला नव्हता. आपण त्या रात्री सुटलो, एवढ्यावर समाधान मानणारे लोक माझ्याही नात्यात आहेत. मला ते जमत नाही.

अलीकडे मोहल्ल्यात परवान्याचं बोलणं वाढलं आहे. यूट्यूबवर रोज काहीतरी दिसतं, आणि धंद्यावर चार पैसे जमलेल्या माणसाला वाटतं की घरात एक असावं. ओळखीचे एक कंत्राटदार परवा म्हणाले, “सर, अर्ज भरायचाय. रिव्हॉल्व्हर टाकू की पिस्तूल? तुमचं यावर वाचन आहे म्हणतात.” मी म्हटलं, भाईजान, बोअर दोन्हींचा एकच येणार, ते सोडा. अगोदर हे सांगा, तुम्हाला भीती कधीची आहे? ते म्हणाले, निवडणुकीची. मिरवणुकीची.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. मोजक्यांना सूट मिळते, बाकीचे पावती घेऊन घरी येतात. म्हणजे ज्या दीड-दोन महिन्यांसाठी ते घ्यायचं त्याच काळात ते ठाण्याच्या कपाटात असणार. उरलेल्या दिवसांत ते घरात, आणि घरात त्यांचा बारावी नापास, फार लवकर चिडणारा मुलगा. मी हे दोन्ही मुद्दे बोलून दाखवले. दुसऱ्यावर ते बराच वेळ गप्प बसले. त्यांनी अर्जाचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यात परवाना कशासाठी हवा हे लिहायची जागा असते. “इथे काय लिहू?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हे तुम्ही मुलासमोर बसून भरा. तो कागद अजून त्यांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर आहे, कालच दिसला.